लोहतांदूळ आणि अहवालाचं दुसरं पान

"उडाला! अहो बघा, उडाला!"

पहिल्या रांगेतल्या बाईंनी अशी काही किंकाळी फोडली, की पत्र्याच्या त्या जुन्या गोदामात बसलेली तीन-चारशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना काही दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर चढले. खुर्चीवर चढूनही ज्यांना दिसलं नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारलं आणि न बघताच हात जोडले. व्यासपीठावर मातीबाबा उभे होते. डाव्या हातात ताट, ताटात बाबांच्या शेतातला, रक्त वाढवणारा म्हणून गाजलेला मूठभर 'लोहतांदूळ', उजव्या हातात चुंबक. चुंबक ताटापासून दोन बोटं वर होता आणि तांदळाचे दाणे टुणटुण उड्या मारून त्याला जाऊन चिकटत होते.

"आणि चुंबक कुणाचा?" बाबांनी माइक तोंडाजवळ ओढला. "बाबांचा? छे! चुंबक तुमचा! तुमच्यातल्याच एका शिंपीदादांचा. बाबा म्हणतात, शंका घ्या! खुशाल शंका घ्या!"

मातीबाबा स्वतःबद्दल बोलतानासुद्धा 'बाबा म्हणतात' असंच म्हणत. स्वतःच म्हणायचं आणि स्वतःच मान डोलवायची, असा सगळा घरचा कारभार.

"डॉक्टर काय देतो? गोळी! गोळी कुठून येते? कारखान्यातून! रक्त काय कारखान्यात बनतं? रक्त मातीत बनतं! माती लाल, रक्तही लाल! आणखी काय पुरावा पाहिजे?"

टोमॅटोही लाल असतो, पण ते कुणी बोललं नाही. टाळ्या पडल्या.

"तरी पुरावा पाहिजे? हा घ्या!" बाबांनी मागे हात केला. तिथे भिंतीवर दाराएवढी सोनेरी चौकट होती. चौकटीत बाबांच्या शेतातल्या मातीच्या तपासणीचा अहवाल, मोठा करून छापलेला. 'लोह: अतिशय जास्त' या शब्दांना लाल गोल केलेला होता आणि खाली तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही होती.

ती सही जिची होती ती बाई नवव्या रांगेत बसली होती. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं नोकरी झालेली ही बाई. घरीदारी सगळे तिला ताईच म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. तिची नजर चौकटीवर नव्हती. ती बघत होती पहिल्या रांगेतल्या शिंप्याकडे, म्हणजे आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडे, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या सहा महिन्यांच्या पोरीकडे, छकुलीकडे. पोरगी कागदासारखी पांढरी होती. आज तिला बाबांच्या हातून पहिला घास मिळणार होता, आणि त्या घासाबरोबर डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब बंद होणार होते. तसा इथला नियमच होता.

ताईला हे थांबवायचं होतं. आणि थांबवायचं तर आधी तीनशे माणसांसमोर 'ती सही माझी आहे' असं म्हणायला लागणार होतं.

हे सगळं सुरू झालं ते एका फोनवरून. पुरता एक मिनिटही चालला नव्हता तो फोन.

ताईची धाकटी बहीण ताईच्या गावापासून बसने तीन तासांवर राहायची. तिला तेव्हा पाचवा महिना चालू होता. दवाखान्यातल्या सिस्टरनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. भर दुपारी धाकटीचा फोन आला तेव्हा ताईच्या एका हातात काचेची बाटली होती आणि पुढे चाळीस शेतांची माती रांगेत थांबली होती.

"ताई, अगं गंमत बघ! इथे एका मोठ्या चौकटीत तुझी सही आहे! तुझीच ना?" धाकटीने अहवालाचा क्रमांक वाचून दाखवला. "लोह अतिशय जास्त, असं लिहिलंय. खरं का गं?"

"हो गं, माझीच. मी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. ठेवू का? हातात काम आहे."

"ठेव बाई, ठेव. मोठ्या साहेबीण तुम्ही," असं म्हणून धाकटी हसली.

कुठली चौकट, कुणी लावली, तू तिथे काय करतेयस, यातलं काहीही ताईने विचारलं नाही. चार महिन्यांनी बाळंतपणात धाकटी गेली. रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, "दुसरी एखादी निभावून गेली असती. हिच्या अंगात रक्तच नव्हतं." पोरगी तेवढी वाचली.

गोळ्या चालू असताना रक्त कसं नव्हतं, हे ताईला कळेना. सहा महिने ती स्वतःशीच घोकत राहिली, असतं एकेकाचं अंग. मग गेल्या रविवारी भावोजींनी धाकटी गेल्यापासून बंद ठेवलेलं घर उघडलं आणि आवराआवरीला ताईला बोलावलं. ते बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन पुसत होते, ताई स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती. तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळाशी काहीतरी कडक लागलं. लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या. नऊ पट्ट्या. एका पट्टीतल्या चार गोळ्या काढलेल्या, बाकी सगळ्या जशाच्या तशा.

ताई पट्ट्या घेऊन बाहेर आली. तिने त्या मशीनवर ठेवल्या.

"सिस्टर घरी येऊन विचारायच्या ना, म्हणून डब्यात लपवायची," भावोजी म्हणाले. "बाबांचा तांदूळ सुरू केल्यावर गोळ्या घ्यायच्या नसतात. त्या तांदळाची शक्ती मारतात."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मी नाही म्हणालो होतो, ताई. मला नव्हतं पटलं. मग मशीनवरचा माझा चुंबक घेऊन गेलो. खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायचा हा चुंबक, हा काही बाबांचा नाही. दाणे उडून चिकटले. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरी मी तिला म्हटलं, ताईंना विचार. त्या शिकलेल्या आहेत, त्या मातीतच काम करतात. तिने विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते मशीनचं चाक पुसता पुसता म्हणाले, सरळ, जसं काही हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"बाबा म्हणाले, तिने सुरुवात उशिरा केली," भावोजी पुढे सांगत होते. "छकुलीच्या बाबतीत ती चूक करायची नाही. पुढच्या रविवारी तिला पहिली पेज."

"आणि तिचे थेंब? आईच्याच अंगात लोह नव्हतं, पोरीच्या अंगात कुठून येणार? डॉक्टरांनी सांगितलंय ना, थेंब चुकवायचे नाहीत?"

"ते बंद."

ताईने समजावून बघितलं, ओरडून बघितलं, शेवटी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं त्याच्या डोक्यातून काढणं फार अवघड असतं. भावोजी मूर्ख नव्हते. बायको गेलेली, पोर फिकट पडत चाललेली, आणि कुणीतरी आशेचा दोर पुढे केलेला. बुडणारा माणूस दोर कुणाचा ते विचारत नाही.

रडू आवरेना म्हणून ताई बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिथे धाकटीची गुलाबाची कुंडी होती. गुलाब वाळून काटकी झाला होता. पण ताईची नजर गेली ती मातीवर. एकोणीस वर्षांची सवय ती. कुंडीतल्या काळ्या मातीवर तांबूस पापुद्रा धरला होता, जुन्या खिळ्यावर धरतो तसा.

"भावोजी, या कुंडीत तिने काय घातलं होतं?"

"काही नाही. तांदूळ धुतलेलं पाणी. बाबांचा तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा असतो. कसा राखाडी असतो, सात पाण्यांत पांढराशुभ्र होतो. बाबा म्हणतात, तेज बाहेर येतं. ती म्हणायची, असं पुण्याचं पाणी मोरीत कशाला ओतू? रोज या गुलाबाला घालायची."

ताईने पापुद्रा नखाने खरवडला. मशीनजवळचा चुंबक आणला आणि त्या चुऱ्यावर धरला. चुंबकावर बारीक काळे केस उभे राहिले.

सोमवारी तिने डब्यातला उरलेला तांदूळ, कुंडीतली माती आणि स्वतःच्या कपाटातली त्या अहवालाची कार्यालयीन प्रत, असं तिन्ही टेबलावर मांडलं. शुक्रवारपर्यंत तिला सगळं कळलं होतं. तांदळाचं कळलं, आणि आपण काय केलं तेही. पण भावोजींना नुसतं सांगून पटणार नव्हतं, डोळ्यांनी बघितलेलं डोळ्यांसमोरच खोडायला हवं होतं.

आता गोदामात बाबांचा चेला एका पातेल्यात मूठभर लोहतांदूळ धूत होता. एकेक पाणी खालच्या बादलीत ओतलं की माणसं एका सुरात मोजत. पाच... सहा... सात! भावोजी छकुलीला घेऊन व्यासपीठावर चढले. पोरगी जागी झाली आणि एवढ्या माणसांकडे बघून तिने ओठ काढला.

ताई उठली. आठ रांगा ओलांडून ती व्यासपीठावर चढली.

"मी हिची मावशी," ती म्हणाली.

"या, मावशी, या!" बाबांना आणखी एक भक्त मिळाला. "आशीर्वाद घ्या!"

"आशीर्वाद नंतर घेते. बाबा म्हणतात शंका घ्या, तर एक शंका घेऊ का?"

लोक हसले. बाबाही हसले. "खुशाल घ्या!"

"भावोजी, तुमचा चुंबक द्या." तिने चुंबक घेतला आणि पातेल्यातल्या धुतलेल्या तांदळावर धरला. दोन बोटं वरून धरला, एक बोट वरून धरला, मग थेट तांदळात खुपसला. बाहेर काढला तर चार ओले दाणे नुसते लागून आले होते. तिने बोटाने हलकेच टकटक केलं, ते खाली पडले. एकही दाणा उडाला नाही.

पुढच्या रांगांनी माना पुढे काढल्या. मागचे विचारू लागले, "काय झालं? उडाला का?"

"ओला आहे, जड झालाय," बाबा म्हणाले.

"असेल. मग हे बघू." ताईने तोच चुंबक बादलीच्या तळाशी फिरवून वर काढला. चुंबकाला काळीकुट्ट दाढी आली होती. तिने तो उंच धरला. ज्यांना चिकटणारे दाणे दिसले नव्हते त्यांनासुद्धा ही दाढी दिसली.

"हा लोखंडाचा कीस आहे. कारखान्यात लोखंड कापताना खाली पडतो तो. पिठाच्या खळीत कालवायचा, खळ तांदळाला चोळायची आणि तांदूळ वाळवायचा. म्हणून तर हा राखाडी दिसतो. चुंबक या किसाला ओढतो, दाणा बिचारा किसाच्या मागे जातो. पण असा तांदूळ शिजवून खाल्ला तर दाताखाली कचकच लागेल, आणि मग तुम्ही विचाराल. म्हणून सात पाणी! जे तुम्हाला दाखवलं ते तुमच्याच हाताने तुम्ही मोरीत ओतता."

"शक्ती पाण्यात उतरली!" बाबांचा आवाज चढला. "ती सूक्ष्म रूपाने..."

"मग हे पाणी प्या." ताईने बादलीतून ग्लासभर पाणी काढून पुढे केलं. "घ्या ना, बाबा. सगळी शक्ती यातच आहे."

बाबांनी ग्लासाकडे बघितलं. ग्लासात काळा गाळ गोल फिरत होता.

"आज बाबांचा उपास आहे," बाबा म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण बाबा असे हार जाणारे नव्हते. त्यांनी चौकटीकडे बोट केलं. "आणि हा अहवाल? हाही खोटा? शास्त्रज्ञांची सही आहे खाली!"

"अहवाल खरा आहे," ताई म्हणाली. "सही माझी आहे."

गोदामभर कुजबुज उठली. भावोजींनी मान खाली घातली.

"माझी आहे," ती पुन्हा म्हणाली. "पण अहवालाची पानं दोन होती. इथे एकच लावलंय. तुमचा माणूस माती घेऊन आला होता तो रडत आला होता, बाबा. भाताची पानं तांबूस पडताहेत, रोपं जळताहेत, काय करू म्हणून. शेत सखल, पाणी सतत साचलेलं. अशा मातीतलं लोह पाण्यात विरघळतं आणि भाताला बाधतं. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, पाण्याचा निचरा करा, चुना घाला, हे लोह सोसेल असं वाण लावा." तिने पिशवीतून कार्यालयीन प्रत काढून वर धरली. "लोह अतिशय जास्त, हा त्या शेताचा आजार होता. तुम्ही आजार चौकटीत घालून त्याची पूजा लावलीत."

पहिल्या रांगेतल्या किंकाळीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "पण ताई, मातीत लोह आहे म्हटल्यावर तांदळात थोडं तरी उतरत असेल ना?"

"तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मातीचा परिणाम होतो, नाही असं नाही. माती कस देते, तसा एखाद्या मातीतला वाईट अंशही दाण्यात येतो. पण लोहाचं म्हणाल तर रोप ते बहुतेक मुळांत आणि पानांत अडवून ठेवतं. दाण्यात किती सोडायचं ते वाणावर ठरतं, आणि सोडतं तेही थोडंच. त्यातलंही बरंचसं दाण्याच्या वरच्या सालीत असतं. गिरणीत तांदूळ पांढरा केला की ती साल कोंड्यात जाते. या गोदामातला तांदूळ चांगला घासून पांढरा केलेला आहे. धुऊन मी तो तपासला. बाजारातल्या बिनसडीच्या, म्हणजे साल न काढलेल्या, तांदळात असतं त्याच्या निम्मंसुद्धा लोह यात नाही. आणि एक लक्षात ठेवा, अन्नातलं मूळचं लोह चुंबकाला कधी असं उड्या मारून चिकटत नाही. जास्तीत जास्त लोह असलेली भाजी घ्या आणि चुंबक लावा, हलणार नाही. हा तांदूळ चुंबकाला चिकटतो, तिथेच त्याची लबाडी उघडी पडते."

"मग आम्ही वर्षभर खाल्लं ते काय?" एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले.

"तांदूळ, काका. साधा पांढरा तांदूळ. पोट भरतं त्याने. पण रक्त कमी असेल तर ते एकट्या तांदळाने भरून येत नाही."

गोदाम अर्धं रिकामं झालं. अर्धं झालं नाही, हेही सांगायला पाहिजे. उरलेल्यांकडे वळून बाबा म्हणाले, "बाबा म्हणतात, ज्यांची श्रद्धा कच्ची तेच गेले." आणि उरलेल्यांनी माना डोलावल्या.

पण भावोजी उतरून बाहेर आले होते. गोदामाच्या पायरीवर बसून छकुलीला थोपटत होते. ताई शेजारी बसली.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तिने गोळ्या घेतल्या असत्या तर..."

ताईला वाटलं, खोटं बोलावं. म्हणावं, नाही हो, जे व्हायचं ते झालंच असतं. एवढं म्हटलं असतं तर त्यांचंही काळीज हलकं झालं असतं आणि तिचंही. पण आताच तर ती तीनशे माणसांना खरं ऐकवून आली होती.

"नक्की वाचली असती असं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण तिच्या अंगात थोडं तरी रक्त असतं, भावोजी. झुंजायला काहीतरी असतं तिच्याकडे."

ते ढसाढसा रडले. खांद्यावरची पोर दचकून रडायला लागली.

"मी चुंबक घेऊन गेलो. नुसत्या बाबांच्या शब्दावर तिने गोळ्या सोडल्या नसत्या. मी चुंबक नेला, ताई."

"तुम्ही निदान तपासून तरी बघितलंत," ताई म्हणाली. "मी विचारलंसुद्धा नाही. हातात बाटली होती माझ्या. दोन मिनिटं खाली ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

भावोजींनी डोळे पुसले आणि पिशवीत चाचपून थेंबांची बाटली काढली. तिचं झाकण त्यांनी सकाळीच चिकटपट्टीने बंद करून टाकलं होतं. आता ती पट्टी निघेना. शेवटी ताईने दातांनी ओढून काढली. पोरीने थेंब घेतले, तोंड वेडंवाकडं केलं आणि निम्मे मावशीच्या साडीवर थुंकले. मग दोघांनी मिळून निम्मे परत पाजले.

ही गोष्ट इथे संपते, पण एवढं सांगितल्याशिवाय संपवणार नाही. तुम्ही शंका घ्या, ती पुरती घ्या. कुणी चमत्कार दाखवला तर त्याने सांगितलेल्या क्रमाने बघू नका. धुण्याआधी नव्हे, धुतल्यावर चुंबक लावून बघा. कुणी चौकटीतला कागद दाखवला तर दुसरं पान मागा. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती डब्यात लपवू नका, नकोशी वाटत असेल तर डॉक्टरांशी भांडा, पण लपवू नका. आणि तुम्ही शिकलेले असाल, चार माणसं तुमच्या सहीवर विश्वास टाकत असतील, तर कुणी विचारलं 'हे खरं का?' तेव्हा नुसतं हो म्हणून फोन ठेवू नका. 'तू का विचारतेयस?' एवढं तरी विचारा.

ताई आता प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर सहीच्या वर लाल शाईने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिते: 'हा अहवाल मातीचा आहे, धान्याचा नाही. दुसरं पान वाचा.' साहेब म्हणाले, शिक्का करून घ्या, हात दुखेल. ती म्हणाली, दुखू दे.

आणि रोज दुपारी, धाकटीचा फोन आला होता त्याच सुमाराला, ती हातातली बाटली खाली ठेवते, खुर्चीवर बसते आणि भावोजींना फोन लावते.

"थेंब दिले का?"

"दिले, ताई. थुंकली. परत दिले."

"बरं. आणखी काय? सांगा. मला घाई नाही."